बिनफितीचा साहेब

आमच्या शेजारचा गणपत हवालदार रोज सकाळी आंब्याच्या झाडाला सलाम ठोकायचा. साधासुधा नव्हे. पायात तुटकी वहाण, अंगात फाटकी बंडी, पण टाचेवर टाच अशी आपटायचा की माझी म्हैस दचकून पान्हा चोरायची.

सलाम झाडाला नव्हता. झाडावर एक खार होती, पांढरी. जोंधळ्याच्या पिठासारखी पांढरी, आणि डोळे गुंजेसारखे लाल. रहिमतपूरच्या बाजाराहून येणारं कोणी नवं माणूस थांबलं, की हवालदार त्याला समजावून सांगायचा.

"खारीच्या पाठीवर फिती किती? तीन. माज्या बाहीवर किती हुत्या? तीन. म्हंजी ह्यो समदा आंबा हवालदारांनी भरलाय. आता त्यो पांढरा बगा. हाय एकतरी फीत? न्हाई. मग त्यो कोन? साहेब!"

त्याच आंब्यावर एक काळपट खारही होती. तिचे पट्टे काळ्यात बुडालेले, उन्हात निरखून बघितलं तरच दिसायचे. ती "कैदी". "कायतरी गुना केला आसंल, सरकारनं फिती काढून घेतल्या," असं तो हळहळून सांगायचा. आणखी एकीची शेपटी विटकरी रंगाची होती. ती रजेवर जाऊन मेंदी लावून आलेली.

हवालदार मागच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आला होता. परतला तेव्हा बायको साथीत गेली होती, मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "पलटण सांभाळायची का संसार?"

आमच्या हौसाला, म्हणजे माझ्या बायकोला, त्याची थट्टा केल्याशिवाय दिवस जायचा नाही. कुंपणावरून ओरडायची, "भावजी, साहेबाला च्या ठेवू का?"

"नगं वयनी. साहेब डूटीवर हाय."

मग ती मुकाट्यानं भाकरीचा चुरा गडग्यावर ठेवायची. त्यातला थोडा साहेब खायचा, उरलेला हवालदारांची फौज. मला मात्र ती शिळी भाकरी वाढायची.

चळवळीच्या दिवसांत गावची चार पोरं तावातावानं आली. एकजण म्हणाला, "हवालदार, गोऱ्याला सलाम ठोकतूस? लाज वाटत न्हाई?"

"अरं येड्या, ह्याचा बा करडा, आय करडी. ह्यो हितंच जल्मला, हितल्याच कैऱ्या कुरतडतोय. ह्याला कंच्या बोटीत बशिवतूस, सांग की!"

पोरं हसायला लागली. जाता जाता त्यातल्या एकानं, कोणी बघत नाही असं बघून, हळूच सलाम केला. मी बघितला.

गेल्या श्रावणात साहेब बाळंत झाला.

हवालदाराला हा मार सोसला नाही. आंब्याच्या वाळक्या फांदीला ढोली होती, तिच्यात ती पांढरी खार चिंध्या आणि काथ्या नेऊ लागली, आणि एक दिवस आतून चिवचिव ऐकू आली. हौसा हसून हसून खालीच बसली. "भावजी, आता मडमसाहेब म्हना!" दोन दिवस हवालदारानं आंब्याकडं पाठ केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा टाच आपटली. म्हणाला, "बाई आसली म्हनून काय झालं? हुद्दा त्योच."

त्याच महिन्यात हौसा गेली. ताप आला आणि गेली. ह्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

पाऊस धरून बसला होता. गावात वाळकं सरपण नाही, गोवऱ्यांचा शेणकाला झालेला. सरणाला लाकूड कुठून आणायचं? तो आंबा माझ्या हद्दीतला, आणि त्याची एक बाजू उभी वाळलेली. भावकी कुऱ्हाडी घेऊन निघाली. बघतो तर हवालदार खोडाला पाठ लावून उभा.

"तात्या, आत पिल्लं हाईत."

"गणपा, माजी बायकू दारात पडलीया, आन तू मला खारीची पिल्लं सांगतूस? हो बाजूला, न्हाईतर आंब्याआदी तुला तोडतो."

माझा चुलतभाऊ म्हणाला, "ऐकताय काय त्या येड्याचं? वढा त्याला."

हवालदार हलला नाही. म्हणाला, "वाळकं लाकूडच पायजे न्हवं? चला माज्यासंगं."

त्याच्या घराच्या मागं पत्र्याखाली बाभळीची लाकडं रचलेली होती. सारख्या लांबीची, परेडला उभी केल्यासारखी, कडकडीत वाळलेली. बाजूला गोवऱ्यांची चळत. हा माणूस चूल पेटवायला आमच्याकडून चिपाडं मागून न्यायचा!

"येवढं कशाला ठिवलंस रं?" मी विचारलं.

त्यानं वरचं एक लाकूड सरळ केलं. "माज्यासाठी. मागं कोन हाय माजं? पावसाळ्यात गेलो तर गावाची वनवन नगं, म्हनून."

माझ्या चुलतभावानं कुऱ्हाड खाली ठेवली.

"न्या," हवालदार म्हणाला. "वयनीला आज लागत्यात. मला कुटं घाई हाय?"

भर पावसात हौसाची चिता एकदाही विझली नाही.

पुढं पिल्लं ढोलीतून बाहेर पडली. सगळी करडी, आईच्या रंगाचं एकही नाही. हवालदार खूश. "समदी हवालदार म्हनूनच भरती झाली!" मला हसू आलं. हौसा गेल्यावर पहिल्यांदाच.

दिवाळी झाल्यावर मी गाडी जुंपली, कुऱ्हाड घेतली आणि त्याला माळावर नेलं. दिवसभर आम्ही दोन म्हाताऱ्यांनी बाभळ तोडली आणि आणून त्याच पत्र्याखाली रचली. हवालदारानं एक ओंडका हातात घेऊन वास घेतला.

"वली हाईत, तात्या. वाळाय वरीस लागंल."

"मग?"

"मग तवर मला मरता यायचं न्हाई."

"माजीबी रचायची हाईत की," मी म्हणालो. "दोगांची म्हनल्यावर दोन वर्सं धर."

"दोन वर्सं?" त्यानं जरा विचार केला. मग रचलेल्या थरातून एक वाकडं लाकूड ओढून काढलं. "ह्ये काय रांगेत बसत न्हाई. चुलीला घालू. आज माज्याकडंच जेव गड्या."

लाकूड ओलं, चूल नुसती धुमसत राहिली. भाकरी अर्धी कच्ची, अर्धी करपलेली. दोघांच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि आम्ही धुराला शिव्या देत पोटभर जेवलो.