तिसऱ्या हाकेचा साचा

आमच्याकडे माणूस गेल्यावर त्याची हाक तेरा दिवस घरात राहते, आणि साचा घ्यायचा तर त्या मुदतीतच घ्यावा लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं सिलिकॉन रबराचं दुकान आहे. गिअरवाले, साबणवाले, गणपतीवाले येतात, तसेच हाकवालेही येतात. मी सगळ्यांना विचारतो, साचा कशाचा घ्यायचाय? लोक मात्र डबा उचलून "हे चांगलं आहे का?" म्हणतात. डोकं फिरतं माझं.

केरबा मिस्त्री तसे नव्हते. फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने, करण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली होती. बायको हौसाबाई जाऊन नऊ दिवस झाले होते.

"दुपारी जेवायच्या टायमाला हाक येती," ते म्हणाले. "अवो, जेवायला या की. तीनदा. पयली मऊ, तिसरी भांडल्यागत. मला पयली पायजे."

मी प्लॅटिनमचं रबर काढलं. ते आकसत नाही, आणि हाकेमागचा श्वाससुद्धा पकडतं. दहाव्या दिवशी स्वतः जाऊन स्वयंपाकघराच्या दारात साच्याची पेटी मांडली आणि पहिली हाक आली तसं रबर ओतलं. संध्याकाळी बघतो तर चिकटच. मी वास घेतला. लसूण! लसणात गंधक असतं आणि गंधक लागलं की प्लॅटिनमचं रबर धरत नाही. चाळीस वर्षं ठेचा वाटता वाटता मारलेली हाक, मी आधी विचारायला हवं होतं. चूक माझी होती आणि एक दिवस त्यांचा गेला.

"आता टिनचं घ्या," मी म्हणालो. "त्याला लसूण चालतो. पण ते आकसतं. गिअरमध्ये केसभर, हाकेत बरंच जास्त. पाच-सहा वर्षांत पहिली हाक ऐकू यायची नाही."

मिस्त्रींना हे समजावून सांगायची गरज नव्हती. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करतात. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं.

"आकसायची सूट धरायला पायजे," ते म्हणाले. "पर ती आता मोठ्यानं कशी बोलंल?"

"तिसरी हाक मोठी आहे."

"ती रागाची हाय."

"रागावायच्या का?"

"मी उठत न्हवतो म्हणून." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "ऐकू यायचं मला, शेट. पेपर वाचत बसायचो. चाळीस वर्सांत पयल्या हाकेला एकदाबी उठलो न्हाई."

मला फार वाईट वाटलं. पण तेरावा जवळ आला होता, म्हणून मी टिनचा डबा बांधून दिला.

बाराव्या दिवशी पुन्हा पेटी मांडली. तिसरी हाक हवी तर पहिल्या दोन हाकांना त्यांनी उठायचं नाही, हे ओघानेच आलं. मिस्त्री पेपर घेऊन खुर्चीत बसले. पहिली हाक आली. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. दुसरी आली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण ते हलले नाहीत. मग तिसरी आली, चांगली खणखणीत, आणि मी रबर ओतलं. या वेळी छान धरलं.

साचा अजून त्याच दारात आहे. रोज दुपारी साडेबाराला त्यातून एक हाक निघते. मिस्त्री दरवर्षी येऊन किती आकसली ते सांगतात, मी वहीत लिहून ठेवतो. तिसऱ्या वर्षी ती दुसऱ्या हाकेएवढी झाली, राग बराच कमी झाला.

यंदा ते सकाळी अकराला आले.

"पयलीएवढी झाली," ते म्हणाले. "अगदी तश्शीच."

"मग?"

"उठतो की. पेपर ठेवून लगीच उठतो."

मी चहा सांगत होतो, पण ते थांबले नाहीत. त्यांना साडेबाराच्या आत घरी पोचायचं होतं.