कसबे श्रीगोंदे येथील निंबसावलीचा तह

थोरांचे भांडण कैसे उपजले आणि गरिबाघरच्या शहाणपणे कैसे मिटले, हे जाणत्यांनी पुसिले, सबब घडले तैसे लिहितो. पदरचा मीठमसाला घातला नाही. घातला असेल तर चवीपुरता.

कसबे श्रीगोंदे, तेथे एक तीन मजली इमारत, आणि आवारात फाटकालगत एकच निंब, आणि निंबाखाली एकाच मोटारीपुरती सावली; दुसरी जागा आतल्या अरुंद कोपऱ्यात, भर उन्हात. पहिले मजल्यावर राजमान्य राजश्री विल्सन सर, निवृत्त मुख्याध्यापक. दुसऱ्यावर राजश्री अंगदराव, साखर कारखान्याचे इंजिनेर. दोघांपाशी मोटारी, दोघांपाशी डिग्र्या, आणि दोहों घरची धुणीभांडी मुबारकबी साहेबांकडे. चैत्राचे ऊन ऐसे की मोटारीचे टपावर पापड भाजावा.

मग एके दिवशी अंगदरावांनी सावली काबीज केली, आणि दुसरे पहाटे सरांनी मोटार घालून मुलूख परत घेतला व सरहद्दीवर तुळशीची कुंडी ठेविली, आणि अंगदरावांनी कुंडी जिन्याखाली कैद केली. मग व्हॉट्सॲपवर खलिते सुटले, नियमावलीतील कलमांच्या तोफा डागिल्या, आणि माहितीच्या अधिकारात निंबाचे वय पुसिले गेले. एवढा इल्म, परंतु जिना चढून "बाबा रे, तुझी अडचण काय?" ऐसे पुसावयाची मसलत कोणासही सुचली नाही.

अखेर दोन्ही दरबारांतून एकाच सकाळी फर्मान निघाले की, जी बाई गनिमाचे घरी भांडी घासील, तिणे आमचा उंबरा चढू नये.  ही दोन घरे हीच मुबारकबीची जहागीर. तीवर तिची चूल आणि नात सुमैरेची शाळा.

तिच्या वस्तीत चाळीस घरांत एक नळ, आणि तेथे भांडण रोजचे, परंतु कायदा जुना: भांडणारणीने आधी समोरचीचे दुखणे समोरचीस पटेल ऐसे सांगावे, मगच आपली घागर लावावी. कां की, आज जिच्या झिंज्या उपटायच्या, उद्या तिच्याच नवऱ्याच्या रिक्षात लेकरू दवाखान्यात न्यायचे. घरोघर चार-चार तोट्या असणारांस शेजाऱ्यावाचून अडत नव्हते, सबब त्यांस भांडण परवडत होते.

मग मुबारकबी पदर खोचून निंबाखाली बैसली आणि हुकूम सोडिला, "सर, सायेब, दोघं बी खाली या. आमच्या नळाचा कायदा हाय. दुसऱ्याचं दुखनं आदी सांगायचं, मंग आपलं. तवर भांड्याला हात लावनार न्हाई!"

दोन दिवस खरकट्या भांड्यांचा वेढा पडला. तिसरे दिवशी सरांनी चहा कुकरात केला, अंगदरावांनी पोहे झाकणीवर खाल्ले, आणि मग दोघेही उतरले.

अंगदराव प्रथम वदले की सर हट्टी आहेत. "हे त्यांचं दुखनं न्हाई, तुमचं हाय," म्हणोन बाईंनी दावा फेटाळिला. सरांनी तीन कलमे वाचिली, तीही फेटाळिली.  मग सर जमिनीकडे पाहून बोलिले की, अंगदरावांच्या मातुश्री मंगळवारी-शुक्रवारी भर दुपारी डायलिसिसला निघतात, तापल्या सीटवर त्यांस बसवत नसेल. तेव्हा अंगदरावही म्हणाले की, सरांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन जाहले, आतल्या कोपऱ्यात त्यांस गाडी रिव्हर्स घेता येत नसेल.

"मला दोनी घरचं ठावं हुतं," मुबारकबी म्हणाली, "पर मला इचारलं कुनी?"

उभयतां शरमले. मग तह ठरला की मंगळवार-शुक्रवार सावली मातुश्रींची, त्या दिवशी सरांची गाडी अंगदरावांनी कोपऱ्यात लावावी, आणि बाकी वारी सावली सरांची; दोन्ही फर्माने रद्द जाहली, कुंडीही कैदेतून सुटली. परंतु बुधवारी सर म्हणाले, "आधी तुम्ही," आणि अंगदराव म्हणाले, "छे छे, तुम्ही वडील!" आणि ऐसा आग्रह करिता करिता सरांचीही गाडी अंगदरावांनीच लाविली, आणि दोन्ही मोटारी उन्हातच राहिल्या.

दुपारी मुबारकबीने रिकाम्या सावलीत फडके सोडिले, भाकरी-ठेचा खाल्ला आणि तेथेच अंमळ आडवी जाहली. आठवड्याचे ते दोन वार वजा जाता निंबाची सावली तेव्हापासून तिच्याच अमलाखाली आहे. दोन्ही धन्यांस हे आपापल्या सज्ज्यातून दिसते, आणि दोघेही हॉर्न वाजवीत नाहीत. फत्ते जाहली, सबब लिहून ठेविले.