ढगाने दुसऱ्यांदा विचारलं नाही

एका जंगलात, बाळांनो, ढगांनासुद्धा कामाला लावलं होतं. पाऊस पाडून झाला की ते नुसतेच फिरायचे. म्हणून पंचायतीने ठरवलं, ज्याला जे जपून ठेवायचं असेल ते त्याने ढगात ठेवावं. ढगाला वाळवी लागत नाही, असं फलकावर लिहून लावलं. फलकाला वाळवी लागली होती, पण मजकूर वाचता येत होता.

त्या जंगलात अर्जुनाच्या झाडावर खारींचं एक घरंदाज कुटुंब राहायचं. मामंजी, सासूबाई, त्यांचा मुलगा कदंब, आणि दीड महिन्यापूर्वी ओढ्यापलीकडून लग्न होऊन आलेली सून, शमी.

हे घराणं सभ्यतेसाठी प्रसिद्ध होतं. कोणी काही देऊ केलं की आधी "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की "खरंच नको." तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, तुम्ही एवढं म्हणता तर," आणि मग पोटभर खायचं. पहिल्याच विचारण्याला "हो" म्हणणारा म्हणजे हावरा.

शमीच्या माहेरी भूक असली की हो म्हणायचे. पहिल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "चारोळ्या वाढू?" शमी म्हणाली, "वाढा." सगळी पंगत चावायची थांबली.

तेव्हापासून तीही "नको" म्हणायला शिकली. पण एव्हाना ती घरचीच झाली होती आणि घरच्यांना कोण आग्रह करतं? तिचं "नको" सगळ्यांनी पहिल्याच वेळी ऐकलं. शमी बारीक होत चालली. "तिचा आहारच कमी आहे," सासूबाई शेजारणीला कौतुकाने सांगायच्या.

आता खरी अडचण सांगते. मामंजींनी हिवाळ्यासाठी दोनशे खड्ड्यांत बिया पुरून ठेवल्या होत्या. कुठला खड्डा कुठे, हे एका मोठ्या सागाच्या पानावर लिहिलं होतं. कारण मामंजी आताशा आपला चष्मा कुठे ठेवला हेही विसरायचे, आणि चष्मा त्यांना कधीच नव्हता. त्या पानाला वाळवी लागली. पान गेलं की यादी गेली, आणि यादी गेली की हिवाळ्यात सगळं घर उपाशी.

"यादी ढगात ठेवू या," कदंब म्हणाला.

त्यासाठी सुतारपक्षी भाऊसाहेबांना बोलावलं. त्यांनी ढगाचं दोन दिवसांचं शिबिर केलं होतं. तिथे मिळालेलं प्रशस्तिपत्र ते गळ्यात घालून यायचे. ते एका जळक्या, पोकळ खोडापाशी थांबले. आत काळाकुट्ट अंधार होता आणि तोंडाशी एक काजवा बसून उघडझाप करत होता.

"इथून बोललं की ढगाला ऐकू जातं," भाऊसाहेब म्हणाले. "काजवा लुकलुकतोय म्हणजे ढग ऐकतोय. फक्त आधी अवजारं बसवावी लागतील."

अवजारं बसवायला दोन दिवस गेले. आधी वेल लावली. वेलीला मांडव हवा होता. मांडवाला लागणारे खांब गेल्या वर्षीचे निघाले. म्हणून ते उपटले, आणि तेच पुन्हा रोवले, तेव्हा चालले. का चालले, हे भाऊसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "ते विचारायचं नसतं."

मग मामंजी पुढे झाले. घसा खाकरून म्हणाले, "नमस्कार. जरा कृपा करून..."

"'नमस्कार' ही आज्ञा सापडली नाही," पोकळीतून उत्तर आलं. "'कृपा' ही आज्ञा सापडली नाही."

"आज्ञा?" मामंजी दचकले. "पहिल्याच भेटीत आज्ञा कशी करायची?"

"अहो, त्याला लाडीगोडी कळत नाही," भाऊसाहेब म्हणाले. "नेमके शब्द टाका. आधी प्रकल्पाला नाव द्या. एकदा दिलं की बदलत नाही हं."

सगळ्यांनी मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी अदबीने सासूबाईंकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा," सासूबाई म्हणाल्या.

"'तुम्हीच-सांगा' हा प्रकल्प तयार झाला," पोकळी म्हणाली.

असू दे, म्हणाले सगळे. आता यादी वाचून दाखवायची होती. हे काम शमीकडे आलं, कारण ते दुसऱ्या कोणाला नको होतं. तिने वाचलं. चिंचेच्या तिसऱ्या मुळाखाली, चारोळ्या. पळसापासून दोन उड्या उजवीकडे, बोराच्या आठोळ्या. असे दोनशे खड्डे. तिचा घसा बसला.

पोकळीने विचारलं, "यादी वर चढवू का? हो की नाही?"

मामंजी हसून म्हणाले, "नको हो. उगाच तुम्हाला कशाला त्रास."

"रद्द," पोकळी म्हणाली.

सगळे थांबले. मामंजी खोडाजवळ कान नेऊन उभे राहिले. काजवा लुकलुकत होता. दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही.

"हे काय?" मामंजी म्हणाले. "एकदाच?"

"काही रीतभात असते की नाही," सासूबाई म्हणाल्या.

"पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागेल," भाऊसाहेब म्हणाले.

शमीने दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळी यादी वाचली. पानाला भोकं पडली होती. पोकळीने विचारलं. बाळांनो, मामंजींनी ठरवलं होतं की हो म्हणायचं. पण साठ वर्षांची जीभ ती. "नको" आधी बाहेर पडलं आणि "म्हणजे तसं नाही" मागून. रद्द.

तिसऱ्या दिवशी पान म्हणजे नुसती जाळी राहिली होती. शमी ते समोर धरून वाचत होती. भोकं होती तिथेही ती अडखळली नाही. हे फक्त सासूबाईंच्या लक्षात आलं.

यादी संपत आली तशी शमी हळूच म्हणाली, "आई, या वेळी उत्तर मी देऊ?"

"नको," सासूबाई म्हणाल्या.

शमीला आता घराची रीत कळली होती. "देऊ का मी?"

"खरंच नको गं."

"देते ना."

"बरं, तू एवढं म्हणतेस तर."

"यादी वर चढवू का? हो की नाही?"

"हो," शमी म्हणाली.

आणि यादी चढली. कदंबाने शेपटी उडवली. भाऊसाहेबांनी प्रशस्तिपत्र पुसलं. मामंजी मात्र विचारात पडले. एवढं सोपं होतं तर. पहिल्या फटक्यात हो. जग बदललं, आपणही बदलावं.

तेवढ्यात पोकळी म्हणाली, "ही सरावाची फेरी होती, ती पूर्ण झाली. 'तुम्हीच-सांगा' कायमचा पुसून टाकू का? हो की नाही?"

"हो," मामंजी खणखणीत आवाजात म्हणाले.

ढगाने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

शमीच्या हातात पानाची शीर तेवढी उरली होती. भाऊसाहेबांना अचानक दुसऱ्या झाडावर काम निघालं.

हिवाळा आला. मामंजींनी एक अख्खी सकाळ उकरण्यात घालवली. त्यांना दोन खडे आणि मुंगसाचा राग एवढंच मिळालं. पानं मांडून पंगत बसली, पण वाढायला काही नव्हतं. मग सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या, "शमे, तुला आठवतं का गं काही?"

शमीला दोनशेच्या दोनशे खड्डे पाठ होते. तीनदा मोठ्याने वाचलं होतं तिने. भूकही तिला सगळ्यांत जास्त लागली होती.

"नको हो आई," ती म्हणाली. "उगाच माझं कशाला."

कदंब कळवळून म्हणाला, "सांग ना."

"खरंच नको."

मामंजी उठून उभे राहिले. आयुष्यात त्यांनी सुनेला काही विचारलं नव्हतं. "सूनबाई," ते म्हणाले, "सांग. आमचा आग्रह आहे."

"बरं, तुम्ही एवढं म्हणता तर." शमीने आपलं पान पुढे सरकवलं. "चिंचेच्या तिसऱ्या मुळाखाली. आणा, आणि इथून वाढायला सुरुवात करा."

तिने त्या दिवसापुरता तेवढाच खड्डा सांगितला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनदा विचारावं लागलं. हिवाळा संपेपर्यंत शमी चांगली गुटगुटीत झाली. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आता कुठे तिला आमचं पाणी मानवलं."

तात्पर्य: बाळांनो, मोलाचं जे काही असेल ते निःशंकपणे ढगातच ठेवावं. ते काही तिथे राहत नाही, पण वर चढवता चढवता घरातल्या सगळ्यांत गप्प माणसाला पाठ होऊन जातं. फक्त त्या माणसाला जेवताना दुसऱ्यांदा विचारावं.