मधेच संपणारी रेघ

हातावरच्या रेघा पुसट होताहेत, हे आधी फूटपट्टीकाकांच्याच लक्षात आलं. रस्त्यांचे नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली होती आणि हे नाव तेव्हापासूनच चिकटलेलं.

हात काकूंचा. कॅन्सरच्या ऑपरेशनात काखेतल्या गाठी काढल्या आणि तो जो सुजला तो सुजलाच. दुनियेचे कपडे शिवणाऱ्या काकूंना स्वतःची एक बाही मुद्दाम मोठी बेतावी लागे, आणि त्याचा त्यांना मनापासून राग यायचा. उद्या त्या हाताचं ऑपरेशन होतं. त्यासाठी दुपारी डॉक्टरीणबाईंनी बोटांच्या बेचक्यांत हिरवं औषध टोचून वर कॅमेरा धरला. अंगातलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, म्हणजे लसिकावाहिन्या, पडद्यावर चमकल्या. बाईंनी त्या पेनाने जशाच्या तशा हातावर काढल्या आणि पुसू देऊ नका म्हणून बजावलं.

आता घामाने सगळं वाहून चाललं होतं.

"अहो, डॉक्टरांना फोन करा."

"कशाला? रेघा काढायला मी काय मेलोय?" काकांनी ड्रॉइंगची पक्की शाई बाहेर काढली. "हलू नकोस."

कोपरापर्यंत ते अगदी प्रामाणिक राहिले. पुढे एक रेघ उगाचच वळसा घेत होती, ती त्यांनी सरळ केली. दुसरी तर दंडावर मधेच संपत होती. असला अर्धवट रस्ता त्यांच्या हातून आजवर सुटला नव्हता.

"त्यांनी तिथेच थांबवली होती," काकू म्हणाल्या.

"घाईत विसरल्या असतील." काकांनी रेघ सुबकपणे काखेपर्यंत नेऊन पोचवली.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी हात बघितला आणि एका रेघेवर स्पिरिटचा बोळा घासून पाहिला.

"रेघ संपत होती, तिथे नळी बंद आहे. तिथेच मी ती शेजारच्या शिरेला जोडणार होते. या नकाशाप्रमाणे तुम्हाला काही आजारच नाही."

तीन वर्षं बायकोने ज्याची वाट पाहिली, ते आपण एका रेघेने घालवलं, असं काकांना वाटलं. "म्हणजे... ऑपरेशन रद्द?"

"नाही. पुन्हा औषध टोचू, पुन्हा बघू. तुमची शाई स्पिरिटनेही निघत नाहीये, तेव्हा मी लाल पेन घेते."

"यांचं असंच," काकू शांतपणे म्हणाल्या. "कागदावर यांचे सगळे रस्ते पोचायचे."

काही महिन्यांनी सूज पुष्कळ उतरली. काकूंनी कापडाची दुहेरी घडी घातली. दोन्ही बाह्या एकाच मापाच्या, एकदम कापायच्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले.

काका कौतुकाने पुढे सरकले. "थांब, खुणा मी करून देतो."

काकूंनी टेबलावरचा खडू उचलला आणि खिशात टाकला.