पिकअपचे मागचे पाटे

मागून बसलेली गाडी आणि पुढून सुटलेलं पोट, या दोन गोष्टी माणसाची चारचौघांत शोभा करतात असं माझं ठाम मत आहे. (दुसऱ्या गोष्टीबद्दल मी घरात बोलत नाही, कारण घरचे बोलतात.) त्यामुळे बायकोने तिच्या नव्या बेकरीसाठी एका बंद पडलेल्या हॉटेलातला ओव्हन घेतला, तेव्हा मी एक छोटासा निर्णय घेतला. ओव्हन ट्रेलरवर घालून आपणच ओढत आणायचा आणि त्याआधी पिकअपचे मागचे पाटे बदलून घ्यायचे.

पाटे म्हणजे मागच्या चाकांवरची ती लोखंडी कमान, गाडीचं ओझं झेलणारी. जड ट्रेलर जोडला की जुने पाटे दबतात, गाडीचं बूड खाली जातं आणि नाक वर होतं.

"त्यापेक्षा टेम्पो सांगू या," बायको म्हणाली. "या ओव्हनसाठी नोकरी सोडलीय मी. परवा दुकान उघडायचंय. त्याला काही झालं तर पुन्हा त्याच साहेबापुढे जाऊन उभं राहावं लागेल मला."

"तुझा माझ्या गाडीवर विश्वास नाही?"

"गाडीवर आहे," ती म्हणाली.

आता मात्र मी पेटलो. गाडी गॅरेजमध्ये टाकली आणि संध्याकाळी ऑफिसातून थेट आणायला गेलो. मिस्त्री जागेवर नव्हता. गाडी अंगणात उभी, किल्ली खिळ्याला. मी वाकून पाट्यांवर दोन टिचक्या मारल्या. (का, ते विचारू नका. जाणकार मारतात.) आवाज खणखणीत आला. मिस्त्रीला उगाच कशाला ताटकळत शोधायचं म्हणून मी गाडी काढली, आणि पहिल्याच खड्ड्यात फरक जाणवला! पूर्वी हादरा कमरेतून थेट दातांपर्यंत जायचा. आता तो मानेपर्यंतच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, बायको आणि मेहुणा असे तिघे हॉटेलवर पोचलो. तिथल्या चार माणसांनी तो चाकांचा ओव्हन ट्रेलरवर चढवून दोराने बांधला.

"भाऊजी, अगदी मागच्या टोकाला ठेवताय," मेहुणा म्हणाला. "थोडा पुढे घेऊ या ना?"

"उतरवायला सोपा पडतो," मी म्हणालो. बहिणीच्या नवऱ्याला उलट बोलू नये, असं त्याला कुणीतरी चुकून शिकवलं आहे.

ट्रेलर जोडला आणि मी मागे जाऊन पाहिलं. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. गाडी तसूभरही बसली नव्हती. उलट मागून चांगली चार बोटं उचलली गेली होती!

"बघ!" मी ओरडलो. "एवढा ओव्हन, आणि गाडी बसायची सोडून उठली! याला म्हणतात पाटे!"

बायकोचा चेहरा पडला. "असं उठायचं असतं का पण?"

"नव्यांना उठायचं असतं."

रस्त्याला लागलो आणि ट्रेलर डावी-उजवीकडे डुलायला लागला. मेहुण्याने दाराची मूठ घट्ट धरली. बायको डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. त्यात माझं नाव येत होतं, पण आदराने नाही. मधेच माझा फोन वाजू लागला. मिस्त्री! एकदा वाजला, दोनदा वाजला, वाजतच राहिला.

"घ्या की तो," बायको म्हणाली.

"चालवताना नाही घेत. कौतुक ऐकायला करत असणार. कारागीर माणूस, दुसरं काय हवं असतं बिचाऱ्याला?"

दुकान आलं. मी ट्रेलरचं मागचं टोक बरोबर दारासमोर आणलं, पाठचं फळकूट पाडलं आणि ऐटीत पुढे येऊन, ट्रेलरच्या दांडीवर ओणवा होऊन हुक काढला.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण ते मी वरून पाहिलं. हुक सुटताच दांडी सटकन आभाळाकडे गेली आणि तिला मिठी मारून मीही गेलो. ट्रेलरचं मागचं टोक धाडकन फुटपाथवर टेकलं. माझे पाय हवेत, एक चप्पल गाडीच्या टपावर.

"सोडू नका! अहो, सोडू नका!" बायको जिवाच्या आकांताने ओरडली.

त्या अवस्थेतही मला भरून आलं. "घाबरू नकोस गं, मला काही होत नाही!"

"तुमचं नव्हे हो! तुम्ही सोडलंत तर ओव्हन घसरेल!"

पण मी न सोडताही तो घसरला. दोर तुटला आणि बायकोची सगळी नोकरी, सगळं धाडस चार छोट्या चाकांवर गडगडत फळकुटावरून खाली, उंबऱ्यावरून आत गेलं. धप्प असा आवाज झाला. मग काहीच नाही. खरंच सांगतो, तेव्हा मला पाटे सुचले नाहीत, फक्त तिचा चेहरा दिसला.

ती आत धावली. काच बघितली, दार उघडलं, लावलं. "धड आहे," ती म्हणाली आणि ओव्हन ज्यांच्यावर आदळून थांबला होता त्या पिठाच्या पोत्यांवर मटकन बसली. इकडे भार गेल्यामुळे दांडी मला घेऊन खाली आली, जरा घाईनेच.

मी कपडे झटकत आत गेलो. माणसाने अशा वेळी गप्प बसावं. मी बसलो नाही.

"पाट्यांनी वाचवलं," मी म्हणालो. "जुने असते तर आज धडगत नव्हती."

तेवढ्यात पुन्हा फोन. या वेळी बायकोनेच तो माझ्या खिशातून काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"साहेब!" मिस्त्री रडकुंडीला आला होता. "कधीपासून फोन लावतोय! कसं सांगू तुम्हाला? काल मी बोल्ट आणायला गेलो तेवढ्यात तुमची गाडी चोरीला गेली हो! रात्रभर शोधत फिरलो! पण तुम्ही धीर सोडू नका. नवे पाटे वाचले. बसवायचेच राहिले होते!"

मेहुण्याने भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते.

"पोलिसात जाऊ नका, दादा," बायको शांतपणे म्हणाली. "चोर इथेच आहे. गाडी घेऊन पाठवते. ते पाटे मात्र गाडीला नकोत. त्याच्याच कमरेला बसवून द्या."