तारामतीबाईंची मुंबई

सास्तूरच्या रामहरींनी बायकोला मुंबईला पाठवायला होकार दिला, तो एकाच अटीवर. सुनेनं तिचा हात सोडायचा नाही. तारामतीबाई बासष्ट वर्षांच्या होत्या आणि लोहाऱ्याच्या आठवडी बाजारातसुद्धा दोनदा चुकल्या होत्या. सून सोनाली बचत गटाची सचिव. तिनं सासऱ्यांना शब्द दिला, "मामंजी, मी हाय की. आत्याबाईंना नजरेआड होऊ देणार न्हाय."

गटाच्या अध्यक्षा राजेश्वरीताईंनी हरवण्याचा प्रश्न आपल्या परीनं आधीच सोडवून टाकला होता. एकवीस बायकांनी एकाच रंगाच्या साड्या नेसायच्या, म्हणजे गर्दीत आपली बाई लगेच ओळखू येते. सोलापूरच्या एका दुकानात मोरपंखी साड्यांचा मोठा लॉट निघाला होता, त्यातल्या त्यांनी एकवीस उचलल्या. उरलेल्या साड्या कोण नेणार, हा विचार त्यांच्या मनात यायचं काही कारण नव्हतं. सोनालीनं एका कागदावर दिवसाचा बेत लिहिला: सकाळी गेटवे, मग वस्तुसंग्रहालय, म्हातारीचा बूट, हाजी अली, राणीची बाग आणि संध्याकाळी चौपाटी. त्याच्या झेरॉक्स काढून तिनं सगळ्यांना वाटल्या.

गेटवेपर्यंत सगळं बेतानुसार झालं. बायकांनी समुद्र बघितला, कबुतरं बघितली, फोटो काढले. गर्दी अफाट होती. बस लांब उभी होती आणि पोलीस शिट्ट्या मारत होते, म्हणून सगळ्या घाईनं चढल्या. सोनालीनं दारात उभं राहून मोरपंखी साड्या मोजल्या. एकवीस. महालिंगप्पा ड्रायव्हरनं बस हलवली. तारामतीबाई खिडकीशी डोक्यावरून पदर ओढून बसल्या होत्या. त्यांना बस लागत असे, म्हणून सोनाली त्यांना थोडा वेळ काही बोलली नाही. दहा मिनिटांनी सिग्नलला बस थांबली, तेव्हा तिनं लिंबाची फोड पुढं केली.

"आत्याबाई, एवढं चोखा. बरं वाटंल."

पदर बाजूला झाला. आतली बाई वेगळीच होती. तिनं लिंबू घेतलं, चोखलं आणि मान हलवून आभार मानले.

तिला फक्त कानडी येत होतं. महालिंगप्पा उमरग्याचा, त्याला कानडी चांगलं यायचं. त्यानं विचारपूस केली, तेव्हा कळलं की बाईचं नाव सिद्धम्मा, गाव कर्नाटकातल्या आळंदकडचं आणि तिच्याही गटानं सोलापुरातूनच मोरपंखी साड्या घेतल्या होत्या. आपल्या बसमधल्या बायकांचे चेहरे बदलले आहेत, हे तिच्या लक्षात आलं होतं. पण मळमळत असल्यामुळं तिनं त्यावर फार विचार केला नव्हता. तिच्याकडे फोन नव्हता आणि नंबर तिला कुणाचाच पाठ नव्हता.

बस वळवून सगळ्या गेटवेला परत आल्या. दुसरी बस निघून गेली होती. चौकीतल्या हवालदारानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, हरवलेलं माणूस शेवटी चुकलं तिथंच परत येतं, तुम्ही इथून हलू नका. राजेश्वरीताईंना ते पटलं. एकवीस बायका चौकीसमोरच्या सावलीत बसून राहिल्या. वस्तुसंग्रहालय तिथून हाकेच्या अंतरावर होतं. गटातल्या गौराबाईनं दोनदा त्या दिशेला बघितलं, पण जाते म्हणायची तिची छाती झाली नाही.

साडेबाराला सोनालीच्या फोनवर रामहरींचं नाव आलं. "पोरी, ऐक, तुझी सासू..." एवढंच ते बोलले.

सोनालीनं त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "आत्याबाई माझ्याजवळच हायती, मामंजी," ती घाईघाईनं म्हणाली. जागा सांगायला हवी म्हणून तिनं हातातल्या कागदाकडं बघितलं. "आमी म्हातारीचा बूट बघाय आलोय. त्या बुटात वर चढल्यात."

मग रामहरी म्हणाले, "सापडलाव व्हय? बरं झालं मग," आणि त्यांनी फोन ठेवला.

सापडलाव म्हणजे काय, हे सोनालीला कळलं नाही. पण पुन्हा खोटं बोलायची वेळ नको म्हणून तिनं फोन बंद करून टाकला आणि पदरात तोंड घालून थोडं रडून घेतलं. सिद्धम्मानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आपल्या पिशवीतली कडक भाकरी न् शेंगाचटणी तिच्यापुढं ठेवली.

चारच्या सुमाराला सिद्धम्माला आठवलं की त्यांची बस संध्याकाळी चौपाटीला जाणार होती. हे आधी का सांगितलं नाही, असं महालिंगप्पानं विचारलं, तर ती म्हणाली की कुणी विचारलंच नाही.

चौपाटीवर तारामतीबाई सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आळंदकडच्या वीस बायकांच्या मधोमध बसून त्या भेळ खात होत्या. सोनालीनं धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"कुठं होतीस गं दिवसभर?" तारामतीबाईंनी विचारलं.

मग सगळा उलगडा झाला. आपण परक्या बसमध्ये बसलोय, हे तारामतीबाईंना लगेच कळलं होतं. पण नवऱ्याचा नंबर आठवायला त्यांना दुपार झाली. म्हातारीच्या बुटापाशी एका बाईच्या फोनवरून त्यांनी रामहरींना कळवलं. रामहरींनी त्या बाईचा नंबर सुनेला देण्यासाठी फोन लावला, तर सून म्हणाली, आम्ही एकत्रच आहोत, बुटातच आहोत.

"त्येंनी मला परत फोन करून सांगितलं, सोनाली तुझ्याजवळच हाय," तारामतीबाई म्हणाल्या. "म्या बुटातनं खाली डोकावून बघितलं, तू काय दिसली न्हाईस. म्हणलं, गर्दी हाय, असंल कुठंतरी मागं. मग आमी पुढं गेलो."

पुढं म्हणजे हाजी अली, राणीची बाग आणि आणखी दोन देवळं.

सास्तूरला परतल्यावर सोनालीनं सासऱ्यांपुढं सगळं कबूल केलं. "खोटं बोललीस ते वाईटच," ते म्हणाले, "पण जागा मात्र बरुबर सांगितलीस." आणि ते रानाकडं निघून गेले.

गावात मात्र अडचण झाली. मुंबईत काय बघितलं, असं जो तो विचारी. वीस बायका गेटवेपाशी सुरू होत आणि चौकीपाशी संपत. मग माणसं तारामतीबाईंकडं जात. लग्नात पाव्हणे मांडवाच्या कडंला अवघडून उभे राहतात, तसे राणीच्या बागेतले पेंग्विन उभे असतात, हे त्यांनी आठवडाभर सांगितलं. घरी काय सांगायचं, हे विचारायला गटातल्या बायकाही एकेक करून येऊन गेल्या.

औंदाची सहल गोव्याला ठरली आहे. परवाच्या बैठकीत राजेश्वरीताईंनी वही उघडली आणि कुणाच्या काही सूचना आहेत का, असं विचारलं.

"माझी एकच हाय," मागून गौराबाई म्हणाली. "ह्या बारीला हरवायचा नंबर माझा."

कुणी हसलं नाही. राजेश्वरीताईंनी तिचं नाव लिहून घेतलं आणि त्याच्याखाली हळूच स्वतःचंही लिहिलं.