दिगांबरला मी सुधारलं नाही

दिगांबर आधी कोपराने बोलायचा, मग तोंडाने.

तामसीहून आदिलाबादला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या बाजूचं दोघांचं सीट आमचं ठरलेलं होतं. खिडकीत मी, शेजारी तो. काही सांगायचं झालं की त्याचं उजवं कोपर माझ्या बरगडीत बसायचं, मग वाक्य यायचं, आणि शेवटी "बराबर का नाई, शेट?" म्हणून पुन्हा कोपर. साधी बातमी असली तर हलकं. कोणाचं लग्न मोडलेलं असलं तर जोरात. कापसाचा भाव पडला असला तर मी आधीच खिडकीचा गज धरून बसायचो.

आदिलाबादेत माझं कापडाचं छोटं दुकान आहे. दिगांबर घरच्या वाफ्यातली वांगी, मेथी, कोथिंबीर टोपल्यांत भरून आणायचा आणि बसस्टँडजवळ विकायचा. कंडक्टर त्याला हात लांब करून तिकीट द्यायचा. एका लग्नात त्याने नवरदेवालाच मांडवात ढोसलं होतं. तहसील ऑफिसात एकदा तेलुगूत "सार, चूडंडी", म्हणजे 'साहेब, बघा', म्हणत साहेबाला कोपर मारलं, तर साहेबाचा चहा फायलीवर सांडला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "सायेब चांगला हाय जी, पण अंगानं लय हलका."

बायांना तिकीट लागेनासं झाल्यापासून आमची बस ओसंडून वाहते. एकदा दिगांबर म्हणाला, "पैसेवाले उभे अन् फुकटवाले बसले. बराबर का नाई?" मागच्या सीटवरची म्हातारी कडाडली, "काऊन रे, तुही माय बसते तवा बरं वाटते?" सगळी बस हसली. सर्वांत मोठ्याने दिगांबर हसला, आणि माझ्या बरगडीत दोनदा बसलं.

त्याच आठवड्यात माझा संयम सुटला. भरल्या बसमध्ये मी ओरडलो, "पुन्हा कोपर लागलं तर माझ्याजवळ बसू नको!" तो गोरामोरा झाला. म्हणाला, "नाई लागू देत, शेट."

आणि खरंच, थोड्याच दिवसांत कोपर थांबलं. आधी जोर कमी झाला, मग काहीच नाही. हात पोटाशी धरून गप्प बसायचा. कंडक्टर मला म्हणाला, "शेट, तुमीच सुधरवलं ह्याले." मीही दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना सांगत सुटलो की माणसाला वेळेवर एक शब्द बोलावा लागतो. आजही तामसीत हीच गोष्ट सांगतात, माझ्या नावाने. ती खोटी आहे.

त्याच दिवसांत बसच्या टपावरून टोपलं उतरवताना दिगांबरचं कोपर शिडीच्या लोखंडाला आपटलं होतं. थोडंसं खरचटलं. मग मागच्या बाजूने लिंबाएवढी सूज आली. हे मला कळायला हवं होतं, कारण मी रोज त्याला लागून बसत होतो. तो पैसे डाव्या हाताने देऊ लागला होता. चहाचा ग्लासही डाव्या हाताने धरायचा. बाही मनगटापर्यंत खाली सोडलेली असायची.

एकदा त्याने सांगितलंसुद्धा. "शेट, कोपर लय दुखून राह्यलं जी."

मी म्हणालो, "दुखनच ना! जलमभर लोकायच्या बरगड्या फोडल्या. देव पाहून राह्यला."

बस हसली. तोही हसला. नंतर त्याने तो विषय काढला नाही. घरी आंबेहळद लावत राहिला.

मग एका सकाळी खड्ड्यात बस आदळली आणि त्याचं कोपर मला लागलं. शर्टातूनही ते चटका बसावा इतकं गरम होतं. मी काय म्हणालो? "झालं का पुन्हा सुरू?"

"चुकून लागलं, शेट," तो म्हणाला. उठला आणि आदिलाबाद येईपर्यंत दांडा धरून उभा राहिला. बसस्टँडवर टोपल्याला हात घालताना तो खाली बसला तो उठेचना. भर उन्हाळ्यात त्याचे दात वाजत होते. बाही वर केली तेव्हा लाली कोपरावरून मनगटाकडे उतरलेली दिसली. मी रिक्षा केली.

डॉक्टर तरुण होता. दिगांबरला आत नेल्यावर माझ्यावर चिडला. "मार लागल्यावर सूज वाढत चालली, कातडी लाल झाली, गरम लागली, ताप आला, हात सरळ होईना, बोटं बधिर झाली, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी यायचं असतं. आणि ह्यांना शुगर आहे, माहीत होतं का?" कोणालाच माहीत नव्हतं. पू सांध्यात उतरला होता.

संध्याकाळी त्याची बायको आली, काशीबाई. इतकी वर्षं शेजारी बसून मी त्याला घरी कोण आहे हे विचारलं नव्हतं. मी तिला धीर देऊ लागलो तर ती माझ्या ओठांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मोठ्यानं बोलून उपेग नाई जी. मले ऐकू येत नाई, लहानपनापासून."

दिगांबर पलंगावर झोपलेला होता. त्याच्याकडे पाहत ती सांगू लागली. "वाफ्यात दोघायचे हात मातीत रायते. मंग थो कोपर लावते. लागलं का मी तोंडाकडं पाहतो. तुमी किसनशेट ना? रोज रातच्याला थो तुमचंच सांगते. बसात शेट काय बोलले, शेट कसे हासले." पुढे म्हणाली, "ह्या दिवसायत घरात कोपरच लागलं नाई. म्या विचारलं बी नाई. मले वाटलं, मायावर राग हाय."

दिगांबरचा जीव वाचला. कोपर मात्र काटकोनात अडकलं ते अडकलंच. टोपली आता काशीबाई चढवून देते आणि स्टँडवर कोणीतरी उतरवून घेतं. बसमध्ये मी त्याला खिडकी देतो, म्हणजे त्या हाताला कोणाचा धक्का लागत नाही. तो बाहेर पाहत बसतो. बोलत नाही.

गेल्या आठवड्यात मी मनाशी सगळं जुळवून बसलो होतो. काय म्हणायचं, कुठून सुरुवात करायची. गाव मागे पडलं तसं मी माझं कोपर हलकेच त्याच्या बरगडीला लावलं.

तो गर्रकन वळला. माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "सांगा ना, शेट."

तो वाट पाहत होता.

"मेथी काय भाव गेली काल?" मी विचारलं.

तो सांगू लागला. आदिलाबाद येईपर्यंत सांगत होता.